आंबागडची विहीर आणि पुराव्याची गोष्ट

‘संशोधन’ हा शब्द महाविद्यालयात पाऊल ठेवल्यापासून आपल्या कानावर पडतो. सूचनाफलकावर तो असतो आणि स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांच्या भाषणात तर हमखास असतो. माझ्या डोळ्यांपुढे मात्र संशोधन म्हटले की पांढरा कोट घालून काचेच्या नळीकडे टक लावून बसलेला माणूस उभा राही. आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी करावयाचे ते ‘प्रकल्प’, आणि तेही गुणांपुरते, अशी माझी समजूत होती. गेल्या वर्षी एका विहिरीने ही समजूत घालविली. रसायनशास्त्र, समाजशास्त्र आणि कायदा या तीन शास्त्रांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वरवर वाटत नाही. पण एकाच विहिरीच्या काठावर ती तिन्ही कशी येऊन उभी राहतात आणि प्रत्येकाची ‘खरे’ म्हणण्याची रीत कशी निराळी असते, हे मला जसे उमजत गेले तसेच येथे सांगणार आहे.

माझे गाव आंबागडच्या पायथ्याच्या मुलखात आहे. तुमसर तालुक्यातला हा किल्ला आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिला असेल. सातपुड्याच्या फाट्यावरची एक टेकडी, तिच्यावर पडकी तटबंदी, बुरूज आणि भोवती जंगल. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याचा सुभेदार राजाखान पठाण याने इ. स. १७०० च्या सुमारास हा किल्ला बांधला असे सांगतात. बख्त बुलंद म्हणजे नागपूर शहर वसविणारा राजा. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे आला. त्या काळात किल्ल्याचा उपयोग तुरुंगासारखा होई आणि कैद्यांना किल्ल्यातल्या विहिरीचे विषारी पाणी पाजून मारीत, अशी आख्यायिका आहे. ती गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे आणि आमच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

तृतीय वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हाच विषय निवडला. पहिल्याच पानावर मोठ्या दिमाखात लिहिले, “आंबागडच्या विहिरीचे पाणी विषारी होते व ते पाजून शेकडो कैद्यांना ठार मारण्यात आले.” सरांनी कागद परत दिला तेव्हा या वाक्याखाली लाल पेन्सिलीची रेघ होती आणि समासात एकच शब्द होता, “कशावरून?” पुढे ‘शेकडो’ या शब्दाभोवती वेगळे वर्तुळ होते. ते शेकडो माझ्याच पदरचे होते, हे मी मनातल्या मनात कबूल केले.

रसायनशास्त्राच्या दारात

‘कशावरून’ याचे उत्तर सोपे आहे असे मला वाटले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? विहीर जागेवर आहे, तिच्यातले पाणी तपासले की झाले! पावसाळा संपताच मैत्रिणीबरोबर गडावर गेले, सरबताची एक रिकामी बाटली भरून आणली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर ती विज्ञान महाविद्यालयातल्या रसायनशास्त्राच्या एका सरांपुढे ठेवली.

सरांनी बाटलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि प्रश्न विचारावयास सुरुवात केली. बाटली कशाची? कशाने धुतली? पाणी वरचे की तळाचे? काढून किती दिवस झाले? माझी उत्तरे ऐकून ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी समजावून सांगितले की, पाण्यातले जंतू पाहावयाचे तर बाटली निर्जंतुक हवी, नमुना थंड ठेवून एका दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोचला पाहिजे. धातू पाहावयाचे तर नमुन्यात किंचित नायट्रिक आम्ल घालावे लागते, नाहीतर विरघळलेला धातू बाटलीच्या भिंतींना चिकटून बसतो आणि तपासणीत कमी भरतो. माझ्या बाटलीने सिद्ध होण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी सरबत पिते.

तरी मी माझा संशय पुढे केला. आपल्या तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजरूकच्या मँगनीजच्या खाणी आहेत. मग विहिरीत मँगनीज उतरून पाणी विषारी झाले नसेल का? हा प्रश्न सरांना आवडला. ते म्हणाले, हवा खेळत्या पाण्यात मँगनीज फारसे विरघळत नाही, त्याचा काळा साका बसतो. मात्र साचलेल्या विहिरीच्या तळाशी, जेथे प्राणवायू संपलेला असतो, तेथे ते विरघळू शकते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकार्य मर्यादा एका लिटरला ०.१ मिलिग्रॅम एवढी कमी ठेवली आहे. पण असे पाणी दीर्घकाळ प्याल्याने मज्जासंस्थेवर परिणाम होतो, ओंजळभर पिऊन माणूस कोसळत नाही. म्हणजे मँगनीजला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करता येते, पण खुनाचा आरोप टिकत नाही.

“आणखी एक लक्षात घे,” सर म्हणाले. “उद्या तू अगदी नियमाने नमुना आणलास तरी तो आजच्या पाण्याबद्दल बोलेल. दोनशे वर्षांपूर्वीच्या पाण्याची साक्ष तो देणार नाही.” साचलेले, घाण पडलेले पाणी पिऊन माणसे पटापट मरू शकतात, हेही त्यांनीच सांगितले. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८४ साली दाखवून दिला. त्याच्या आधीच्या माणसाने अशा पाण्याला ‘विषारी’ म्हटले तर तो खोटे बोलत नव्हता. त्याच्यापाशी दुसरा शब्दच नव्हता.

आजीच्या ओसरीवर

रसायनशास्त्र असे अर्ध्या वाटेवर थांबले, तेव्हा मी समाजशास्त्राकडे वळले. आख्यायिका सांगतात कोण, कशा सांगतात, हे लिहून काढावयाचे ठरविले. गावातल्या वृद्धांकडे वही घेऊन बसले. आश्चर्य असे की, प्रत्येकाची विहीर वेगळी होती. एक म्हणे, विहिरीत वनस्पतींचा विखारी रस उतरे. दुसरा म्हणे, पाणी चांगलेच होते पण त्यात विष कालवीत. तिसऱ्याच्या मते विहिरीत नाग होता. माझी आजी ऐंशी ओलांडलेली आहे. तिला विचारले तर ती सूप पाखडता पाखडता म्हणाली, “पानी पेवून मेला का उपाशी ठेवून मेला, थे कोनाले माहीत, बाई? पन वरतं नेलेला मानूस खाल्तं आला नाही, थे खरं.”

आजीचे हे वाक्य मी वहीत लिहिले आणि रात्री पुन्हा वाचले तेव्हा त्याचे मोल कळले. वेगवेगळ्या तोंडी कथेतली कारणे बदलत होती. न बदलणारी गोष्ट एकच होती, ती म्हणजे गडावर नेलेल्या माणसाचे पुढे काय झाले हे गावाला कधी कळत नसे. रसायनशास्त्राला या कथेत पाणी दिसले. समाजशास्त्राला दिसले ते सत्तेचे भय, आणि ते भय पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवण्याची लोकांची रीत.

पण येथेही सावध राहावे लागते. मौखिक परंपरेचा अभ्यास शास्त्रीय पद्धतीने कसा करावा यावर यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराने १९६१ साली ग्रंथ लिहिला. डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष आणि पिढ्यांतून उतरत आलेली परंपरा यांत फरक करावा, हा त्याचा आग्रह होता. नागपूरचे राज्य १८५४ साली खालसा झाले. म्हणजे आज हयात असलेल्या कोणाच्या आजोबांनीही भोसल्यांचा कैदी पाहिलेला असणे कठीण. माझ्या वहीतले सारे ‘ऐकलेले’ होते, ‘पाहिलेले’ एकही नव्हते. हे दोन रकाने मी त्या दिवशी प्रथमच वेगळे केले. त्यांचा पुढे किती उपयोग होणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

कायद्याच्या पुस्तकात विहीर

आमच्या महाविद्यालयाच्या एक माजी विद्यार्थिनी आता वकिली करतात. त्यांना मी सहज विचारले, “ताई, ही गोष्ट न्यायालयात टिकेल का?” त्या म्हणाल्या, “क्षणभरही नाही.” १८७२ च्या पुरावा कायद्याचा कणाच असा होता की, जी गोष्ट पाहता येण्यासारखी आहे तिच्याबद्दल, ती स्वतः पाहिली असे सांगणाराच साक्षीदार हवा. ऐकीव गोष्टीला तेथे सहसा थारा नाही. त्या कायद्याची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ ने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे.

मी निराश झालेली पाहून त्यांनी जुने पुस्तक काढले आणि कलम ४८ उघडले. एखाद्या सार्वत्रिक रूढीबद्दल किंवा हक्काबद्दल न्यायालयाला मत बनवावयाचे असेल, तेव्हा ज्यांना ती रूढी ठाऊक असण्याचा संभव आहे अशा माणसांचे मत ग्राह्य धरावे, असे ते कलम सांगत होते. आणि त्याखाली उदाहरण कोणते दिलेले होते? एखाद्या गावातील लोकांचा एखाद्या विहिरीचे पाणी वापरण्याचा हक्क! मी ते दोनदा वाचले. कैद्याचा मृत्यू सिद्ध करावयास आजी चालणार नव्हती, पण विहिरीवरचा गावाचा हक्क सांगावयास तीच योग्य साक्षीदार होती. घटना आणि वहिवाट यांना कायदा वेगवेगळ्या तराजूने तोलतो, हे मला त्या उदाहरणाने शिकविले.

तिन्ही एकत्र आल्यावर

या तीन वाटा कधी एकत्र येतात का? नागपूरचे राज्य खालसा झाले त्याच १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट भागात पटकीची भयंकर साथ आली. डॉ. जॉन स्नो याला तेथल्या पंपाच्या पाण्याचा संशय होता. सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाण्यात त्याला निर्णायक असे काही सापडले नाही. तेव्हा तो घरोघर गेला आणि कोण मेले, पाणी कोठले पीत होते, हे विचारीत राहिला. ही माहिती त्याने स्थानिक कारभाऱ्यांपुढे मांडली आणि त्यांनी पंपाचा दांडा काढून टाकला. साथ तोवर ओसरू लागली होती हे खरे, पण रोग पाण्यातून पसरतो हे जगाला पटविणाऱ्या पुराव्यांत ही घरोघरची विचारपूस अग्रभागी आहे. शास्त्रज्ञाचा तर्क, समाजात फिरणारी वही आणि अधिकाऱ्याचा हुकूम, तिघांनी मिळून ते काम केले.

आपल्याकडे दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण आहे. १९०७ साली गोव्यात जन्मलेले हे गणिती. प्राचीन आहत नाण्यांचा काळ ठरविण्यासाठी त्यांनी हजारो नाणी तराजूत घालून मोजली. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. म्हणून जी नाणी अधिक काळ चलनात होती त्यांचे सरासरी वजन कमी होते आणि वजनातली तफावत वाढते, हा त्यामागचा हिशेब. तेच कोसंबी दक्षिणेतल्या जुन्या वाटा पायी तुडवीत, खेड्यातल्या देवतांची माहिती विचारीत. पण नाणे त्यांनी तराजूत घातले आणि देवतेबद्दल विचारले ते माणसांना. अनेक शास्त्रे जाणणे म्हणजे सगळ्यांची भेळ करणे नव्हे. कोणत्या प्रश्नाला कोणते माप लावावे, याचे भान हवे.

विहिरीकडून तलावाकडे

इथवर सारे प्रकल्पापुरते होते. पण याच सुमारास गावात एक काम निघाले आणि माझा प्रकल्प एकदम घरात शिरला.

आम्ही ढिवर. मासेमारी आणि शिंगाडा ही आमची जुनी उपजीविका. आपला जिल्हा तलावांचा. कोहळी आणि पोवार शेतकऱ्यांनी बांधलेल्या तलावांवर येथले धान पिकत आले. पाणी अडविणारी पार, पाणी सोडावयाचे तुडूम आणि जादा पाणी वाहून जाण्याचा सलंग, एवढ्या साध्या रचनेवर हे तलाव उभे आहेत. मालगुजारी नष्ट करणारा मध्य प्रदेशचा १९५० चा कायदा मार्च १९५१ अखेर लागू झाला आणि मालगुजारांचे तलाव शासनाकडे गेले. या कायद्याला आव्हान देणाऱ्यांत अहेरीचे जमीनदारही होते, पण १९५२ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. ‘माजी मालगुजारी’ याचे लघुरूप होऊन या तलावांना लोक ‘मामा तलाव’ म्हणू लागले. मामा म्हटले तरी भाच्यांच्या वाट्याला काय आले, हा वेगळा विषय आहे.

आमच्या गावालगतचा लहान तलाव वनजमिनीत मोडतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार हक्क आणि पाणवठ्यांतील मासळीवरील सामूहिक हक्क मान्य केले आहेत. मात्र आम्ही अनुसूचित जमातीत नसल्यामुळे ‘इतर पारंपरिक वननिवासी’ ठरतो. म्हणून १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, येथे राहून या वनावर उपजीविका करीत आलो हे दाखवावे लागते. गावाच्या वनहक्क समितीत दाव्याचा विचार झाला तेव्हा काका म्हणाले, “आमची पोरगी कॉलेजात हाय, थे लिहील.” झाले! लेखणी माझ्या हाती आली.

पहिला मसुदा मी जसा लिहिला तो आज आठवला की कान लाल होतात. “अनादि काळापासून आमचे पूर्वज या तलावाचे स्वामी आहेत” अशी सुरुवात होती. आजीच्या तोंडी मी सन १९३० पासूनच्या साऱ्या हकिकती घातल्या होत्या, “मी पाहिले” म्हणून. वकीलताईंनी तो वाचला आणि विचारले, “तुझ्या आजीचा जन्म कधीचा?” मी गप्प. १९३० साली आजी जन्मलीही नव्हती. “हे एक वाक्य कोणी पकडले,” त्या म्हणाल्या, “तर तिची पुढची खरी वाक्येही कोणी ऐकणार नाही. आणि नुकसान तुझे नाही, गावाचे होईल.”

त्या रात्री मला विहिरीचे दोन रकाने आठवले. पुन्हा आजीपुढे बसले. लग्न होऊन आल्यावर तिने काय पाहिले ते एका पानावर. जाळे कोणत्या महिन्यात पडे, मासळीचे वाटे कसे होत, तुडूम कोणत्या बाजूला होते, शिंगाड्याचे वेल कोण लावी. तिच्या सासूने तिला काय सांगितले ते दुसऱ्या पानावर, “सासूकडून ऐकले” असे स्पष्ट लिहून. मालगुजाराच्या वाड्यावर पहिली मरळ पोचवावी लागे, ही हकिकत या दुसऱ्या पानावर आली. दोन्ही पाने वाचून दाखविली तेव्हा आजी म्हणाली, “आता बराबर झालं. मघा तू मले माह्या सासूपेक्षा बुढी केलतीस.”

मग वनहक्क कायद्याचे २००८ सालचे नियम वाचले. पुरावा म्हणून काय चालते याची यादीच तेराव्या नियमात आहे. गॅझेटियर, जमाबंदीचे कागद, निस्तार पत्रक, वाजिब-उल-अर्ज यांसारखे शासकीय दस्तऐवज त्यात आहेत. बांध-बंधाऱ्यांसारख्या जमिनीवरील खुणा आहेत. आणि दावेदार नसलेल्या वृद्धांचे लेखी नोंदविलेले निवेदनही आहे. त्याच नियमात पुढे म्हटले आहे की, हक्क ठरविताना यांपैकी एकाहून अधिक पुरावे विचारात घ्यावेत. आजीचे नाव दाव्यात असल्यामुळे तिची दोन पाने ही हकिकत म्हणून जोडली, आणि वृद्धांचे निवेदन म्हणून दावा नसलेल्या शेजारच्या आजोबांचे शब्द त्याच दोन रकान्यांत लिहून घेतले. मला तर तो नियम म्हणजे माझ्या साऱ्या वर्षाचा सारांश वाटला. कागद एकटा पुरत नाही, माणूस एकटा पुरत नाही, दगडमातीही एकटी पुरत नाही.

हक्क मिळाला तरी तलावात मासा हवा, आणि तेथे पुन्हा विज्ञान लागते. रोहू, कटला, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात आपण होऊन वीण घालत नाहीत. हिरालाल चौधुरी यांनी १९५७ साली संप्रेरक टोचून त्यांची वीण घडवून आणली, तेव्हापासून त्यांचे बीज तलावात सोडणे सोपे झाले. पण मरळीसारख्या गावरान माशाला पाणवनस्पतींचा आसरा लागतो आणि तलावांच्या काठांवर माजलेली बेशरम ती जागा खाते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आपल्या जिल्ह्यात ढिवर समाजाबरोबर बेशरम काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावण्याचे काम केले आहे. कोणत्या वनस्पतीपाशी कोणता मासा राहतो हे आमच्या बायाबापड्यांना ठाऊक असते, पण ते ज्ञान आहे असे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आमच्या दाव्याचा निकाल अजून यावयाचा आहे. प्रकल्प मात्र पूर्ण झाला. त्यातले पहिले वाक्य मी बदलले ते असे: “आंबागडच्या विहिरीचे पाणी पाजून कैद्यांना मारीत, अशी आख्यायिका असून ती गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. तिच्यातली मृत्यूची कारणे सांगणाऱ्यागणिक बदलतात, गडावर नेलेला माणूस परत येत नसे हा भाग बदलत नाही.” पहिल्या वाक्यापेक्षा हे फिके आहे, मला मान्य आहे. पण आता याच्या समासात ‘कशावरून’ असे कोणी लिहिले तर मी उत्तर देऊ शकते.

मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वर्षी तुम्हीही प्रकल्प कराल. दूरचा विषय शोधू नका. आपल्या गावची विहीर, तलाव, देऊळ, बाजार यांपैकी काहीही घ्या आणि वहीच्या पानावर मधोमध एक उभी रेघ ओढा. एका बाजूला पाहिलेले, दुसऱ्या बाजूला ऐकलेले. आमच्या ओसरीवर तरी संशोधन एवढ्याच सामानावर सुरू झाले.